दोन किलो सातशे

सोमवारी सकाळी पावणेआठला काटेवालीनं पेटीची सायकल, हँडलपुढं मोठी पेटी जोडलेली ती, स्टँडवरून पुढं ढकलली आणि गाडी हलकी लागली. एवढंच झालं. पेटीत नेहमीसारखी दोन पोरं होती, पुढच्या फळीवर धाकटा, मागच्या बाकावर थोरली, दोघांची दप्तरं पायांपाशी. दाराला कुलूप लागलं होतं, किल्ली गळ्यात होती. रोज या वेळेला तिच्या दोन्ही मनगटांना नि डाव्या गुडघ्याला जो एक ओळखीचा हिसका बसायचा, तो आज बसलाच नाही. स्टँड खटकन वर गेला आणि गाडी अलगद रस्त्यावर आली. भरलेली समजून रिकामी बादली जोरात उचलावी आणि हात उगाचच वर जावा, तसं तिला झालं. पहिल्यांदा बरं वाटलं. गुडघ्याला तर फारच बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचा पदर धरून दुसरंच काहीतरी मागोमाग आलं. काहीतरी राहिलं होतं घरी. काय राहिलं होतं?

गल्लीत तिला काटेवाली म्हणायचे, कारण दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले वजनकाटे जिथं दुरुस्तीला आणि तपासणीला येतात त्या कारखान्यात ती सोळा वर्षं काम करत होती. सोळा वर्षं वजनं उचलून ठेवणाऱ्या हाताला काही वेगळं शिकवावं लागत नाही. भाजीची पिशवी हातात घेतली की ती म्हणायची सव्वादोन, आणि पिशवी सव्वादोनच भरायची. थोरली पोटात होती तेव्हा दवाखान्यातली बाई म्हणाली होती, तीनच्या आत असेल बघा. हिनं पोटाखाली हात धरून सांगितलं, नाही हो, साडेतीनच्या वर आहे माझी लेक. तीन किलो सहाशे निघाली होती. बाई हसून म्हणाली होती, आता काटा आणायलाच नको, तुम्हीच येत जा. तोच हात आज सांगत होता: अडीचच्या वर, तीनच्या आत. एवढं या पेटीत कमी आहे. माणूस खोटं बोलेल, हात कशाला बोलेल?

"सगळं घेतलंस ना गं?" तिनं उतारावर ब्रेक दाबता दाबता विचारलं. घर उंचावर होतं. सकाळी सगळा उतार आणि संध्याकाळी सगळा चढ, असा त्यांचा रोजचा व्यवहार.

"हो," थोरली म्हणाली. मागं न बघता.

"डबा?"

"हो गं आई."

"मी पण सगळं घेतलं," धाकटा म्हणाला. "मी एक दगडपण घेतलाय. चौकोनी आहे."

तिच्या नजरेच्या बरोबर खाली थोरलीचा भांग होता, सरळ, एका रेघेत पाडलेला. आता ती आपली वेणी आपण घालायची. दहा वर्षांची. धाकटा सहाचा. चार वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा दोघं त्या बाकावर शेजारी शेजारी मावायची आणि वर एक गोधडीही मावायची. आता थोरलीचे गुडघे पेटीच्या काठाला टेकत. दोन्ही हात तिनं दोन्ही काठांवर ठेवले होते, बोटं बाहेरून वळवून, घट्ट. हे हात असे कधीपासून? आठवडाभर तरी पाहतेय, काटेवालीला वाटलं. संध्याकाळी चढावर तर ती हात ताठ करते आणि अंग उचलल्यासारखं करते. खेळत असेल. किंवा भीत असेल. विचारू कधीतरी. असे किती "विचारू कधीतरी" तिच्या मनाच्या माळ्यावर जमा झाले होते, त्यांना वजन नव्हतं म्हणून तेवढे तरी मावत होते.

शाळेच्या फाटकाशी थोरली खाली उतरली तेव्हा तिच्या पायांत कापडी बूट दिसले. गार वारा सुटला होता, रस्त्याच्या कडेचं गवत अजून ओलं होतं. "अगं, ते जाड बूट कुठं गेले?" "लागतात ते. अंगठ्याला." पोर वाढतेय, बूट लागणारच, काटेवाली स्वतःशी म्हणाली, आणि बूट म्हणजे किती, चारशे, साडेचारशे, दोन किलोंचा हिशोब अजून राहतोच. तोवर थोरलीनं धाकट्याचा हात धरला होता आणि दोघं आत गेली होती. दप्तर तिच्या पाठीवर नीट बसलं नव्हतं. चालताना उडत होतं.

कारखान्यापर्यंतच्या दोन मैलांत रिकाम्या गाडीवर तिचं मन काही एका जागी बसेना. रिकामी पेटी खड्ड्यांवर खडखडायची आणि तिला शुक्रवारची संध्याकाळ ऐकू यायची. शुक्रवारी चढाच्या मध्यावर तिचा गुडघा असा काही ठणकला की ती खालीच उतरली. आठवडाभराचं काम, त्यात नवऱ्याची कागदगिरणीतली पहाटेची पाळी, म्हणजे सकाळचं सगळं हिच्याच अंगावर. उतरून गाडी ढकलत ती म्हणाली होती, "आता नाही बाई झेपत मला. कुणाला तरी खाली उतरवल्याशिवाय काही खरं नाही." थट्टेतच म्हणाली. निदान सूर तरी थट्टेचा होता. धाकटा खो खो हसला. थोरलीनं उडी मारली आणि मागून गाडीला हात लावून ढकलू लागली. आणि काटेवालीला, हे आता रिकाम्या पेटीच्या खडखडाटात तिला कबूल करावं लागत होतं, तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. "अगं बस, बस," ती तोंडानं म्हणाली होती, पण एकदाच. दुसऱ्यांदा नाही म्हणाली. कुणाला आग्रह करायचा तर तो दोनदा करतात. एकदा केलेला आग्रह म्हणजे नुसती पायरीवरची विचारपूस.

आणि ते गाणं. चढाचं गाणं तिनंच रचलं होतं. तिच्या आईच्या तोंडात अशी गाणी सतत असायची, कामाच्या ठेक्यावर आपोआप जुळणारी. आई एका मोठ्या हॉटेलात चादरी धुवायची. चादरींच्या चाकाच्या गाड्यावर, ढिगाच्या शेंड्यावर छोट्या काटेवालीला बसवून लांबच लांब बोळातून ढकलत न्यायची. जड होते का गं मी, असं एकदा विचारल्यावर म्हणाली होती, तुझं कसलं ओझं, माझं ओझं माझ्या पायांना. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता, आणि नंतर कळला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. आईची गाणी गेली, ठेका तेवढा लेकीच्या पायांत राहिला. पॅडलवर पाय फिरायला लागले की शब्द येत. असंच हे आलं होतं:

चढ आला गं चढाचा, माझ्या गाडीला दम लागं
एक पीस पुढं बसे, एक धोंडा त्याच्या मागं

पीस म्हणजे धाकटा. धोंडा म्हणजे थोरली. गेलं वर्षभर तिघं मिळून चढावर हेच म्हणत होती. थोरलीही म्हणायची. "धोंडा" या शब्दावर ती स्वतःच पेटीच्या फळीवर थाप मारायची, ठेक्यात. मग कधीतरी ती थाप बंद झाली. कधी बरं? काटेवालीला ती जागा सापडेना. तोंडात दात हलायचा थांबतो तेव्हाही असंच होतं. हलत होता तोवर सारखी जीभ तिथं, आणि पडला कधी ते मात्र आठवत नाही.

कारखान्यात तिच्या शेजारच्या ओट्यावर तोळामासा काका बसत. अंगात मांस नाही, आवाजाला मात्र बारा माणसांचं बळ; तीन महिन्यांत निवृत्त होणार होते आणि रोज एका माणसाला ते ऐकवत होते. "आलीस का बाई? तुझं तोंड आज शून्यावर का नाही?"

"काही नाही काका. घरी काहीतरी विसरलंय आणि काय ते आठवत नाही."

"मग विसरू दे. आठवलं की जड होईल."

भिंतीला दोन फळ्या होत्या. डावीकडच्या फळीवर बाहेरून आलेले, अजून न तपासलेले काटे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली लाल चिठ्ठी. उजवीकडे तपासून दुरुस्त झालेले, हिरवी चिठ्ठी. लाल फळीवरच्या काट्यावर चहाचा कपसुद्धा तोलायचा नाही, हा इथला पहिला नियम; नव्या माणसाला पहिल्या दिवशी काका तो सांगायचे आणि वर म्हणायचे, न तपासलेला काटा म्हणजे अफवा, ऐकायची पण उचलून घरी न्यायची नाही. काटेवालीनं हे वाक्य सोळा वर्षांत किमान तीस नव्या पोरापोरींना स्वतः ऐकवलं होतं. आणि आज सकाळच्या पाळीचा तिसरा काटा म्हणून काकांनी जो तिच्या ओट्यावर ठेवला, निळ्या रबराच्या पृष्ठभागाचा, दवाखान्यातला, माणसं उभी राहतात तो, तो तिनं पाहताच ओळखला. याची लाल चिठ्ठी नव्याच दोऱ्यानं बांधलेली होती. तिनंच बांधली होती, गेल्या सोमवारी. कारण त्याआधीच्या शनिवारी सोडवली होती.

त्या शनिवारी पोरांना गंमत म्हणून तिनं हा काटा पेटीत घालून घरी नेला होता. हिरव्या फळीवरचे माणसांचे काटे सगळे दुपारीच गेले होते, आणि हा लाल फळीवर होता, दिसायला नवाकोरा. रिकामा असताना शून्य दाखवत होता. त्यावर उभं राहून तिनं स्वतःचं वजन पाहिलंही नव्हतं, कंटाळा. घरच्यासाठी चालतंय, ती म्हणाली आणि चिठ्ठी सोडवून खिशात टाकली, नाहीतर थोरलीनं विचारलं असतं, आई, लाल का? रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळा सोहळा झाला होता. थोरली, बूट घालून, तेहतीस. धाकटा बावीस, आणि बावीस ऐकून त्यानं घरभर उड्या मारल्या. दप्तरं, बाटल्या, डबे मिळून सात किलो सातशे. थोरलीनंच बेरीज केली, दाराच्या मागच्या बाजूला खडूनं. बासष्ट किलो सातशे. आणि पेटीवर गाडी बनवणाऱ्यानं ठोकलेल्या पत्र्यावर कोरलेलं होतं, कमाल भार साठ. "अरे बापरे," काटेवाली म्हणाली होती, कमरेवर हात ठेवून, "दोन किलो सातशे जास्त! आता कुणाला तरी कमी करावं लागणार." धाकटा ओरडला, "दीदीला! दीदीला!" सगळेच हसले होते. थोरली खडू हातात धरून आकड्याकडे पाहत उभी होती. आणि काटेवालीच्या मनाच्या तळाला तेव्हा एक सुटकेचा निःश्वास पडला होता, तो आज ओट्यासमोर बसल्यावर जसाच्या तसा ऐकू आला: चला, म्हणजे माझेच पाय कुरकुर करत नाहीत. काटाच सांगतोय. मोठी झाली ती. तिला उतरवायला आता निमित्त आहे.

तिनं हातमोजा चढवला आणि वीस किलोचं प्रमाणाचं वजन काट्यावर ठेवलं. काट्यानं बावीस दाखवले.

तिनं ते उचललं, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा ठेवलं. बावीस. पद्धतच अशी होती की एका वजनाची तीन वाचनं घ्यायची, मग दुसऱ्या वजनाची तीन, मग तिसऱ्याची, आणि ती सगळी तक्त्यात मांडायची. तिचे हात ती पद्धत पुरी करत राहिले. दहाला अकरा. तीसला तेहतीस. तेहतीस! मध्येच कुठंतरी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेबाराच्या पलीकडे गेला, म्हणजे शाळेत जेवणाची घंटा झाली असणार, आणि हिचं आपलं तिसरं वाचन चाललं होतं.

"काय म्हणतोय?" काकांनी मान वळवली.

"दहाला एक जास्त दाखवतोय."

"आणि रिकामा?"

"रिकामा अगदी खरा."

"रिकामे असताना सगळेच खरे असतात, बाई. भार पडला की कळतं." काका हसले, मग तिच्याकडे पाहून हसायचे थांबले. "काय गं? कुणाला तोललंस की काय यावर?"

तिला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण जे बाहेर आलं ते एवढंच, "काका, मी जरा घरी जाते. मग पोरांनाच घेईन परस्पर." काकांनी तिच्या ओट्यावरचा तक्ता आपल्याकडे ओढला. "जा. याची उरलेली वाचनं मी घेतो. खरं सांगायला मला अजून तीन महिने आहेत."

वाटेत ती मनातल्या मनात गणित उलटं करत होती. थोरली तेहतीस नव्हे, तीस. धाकटा वीस. सामान सात. सत्तावन्न. सत्तावन्नच! पत्र्यावरच्या साठाला अजून तीन किलो जागा होती. जागा होती गं, जागा होती, असं चाकं म्हणत होती. आणि मग कालचा रविवार पुढं आला. काल दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि थोरली स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या छोट्या काट्यावर, त्याला मात्र हिरवी चिठ्ठी होती, एकेक वस्तू ठेवून पाहत होती. जाडजूड शब्दकोश. पाण्याची बाटली. एक बूट, मग दुसरा. कागदावर लिहीत होती. काटेवालीला काय कौतुक वाटलं होतं! रात्री नवऱ्याला सांगितलंही, पोर माझ्यावर गेलीय, सगळं तोलून बघते. नवरा झोपेत म्हणाला होता, बारीक दिसतेय मात्र ती हल्ली. दूध पीत नाही वाटतं. यावर ती म्हणाली होती, वाढीच्या वयात तशीच दिसतात.

घरात शिरताच ती थेट थोरलीच्या पलंगापाशी गेली. शोधावं लागलं नाही. पलंगाखाली, भिंतीच्या कडेला, सगळं नीट ओळीनं मांडलेलं होतं, जसं कुणी परत घ्यायला येणार आहे. शब्दकोश. पाण्यानं भरलेली बाटली, झाकण घट्ट. जाड बूट, एकमेकांना टेकवून. खाण्याचा डबा. डबा तिनं उघडला. पाव, केळं, चीज, तिनंच सकाळी कापून दिलेलं, हातसुद्धा न लागलेलं. शब्दकोशात कागदाची चिठ्ठी होती. थोरलीचं अक्षर गोल, सावकाश. वर लिहिलं होतं दोन हजार सातशे. खाली शब्दकोश नऊशे पन्नास, पाणी सहाशे, बूट चारशे पन्नास (कापडी बुटांचे वजा करून), डबा चारशे. बेरीज दोन हजार चारशे. त्याखाली एक रेघ, पट्टीनं मारलेली, आणि रेघेखाली: राहिले तीनशे. आणि त्यापुढं एकच अक्षर, मी.

काटेवाली पलंगाच्या कडेला बसली. दाराच्या मागच्या खडूच्या बेरजेवर उन्हाची एक पट्टी आली होती. दुपारच्या रिकाम्या घरात तिला कधी बसायची सवय नव्हती. भिंतींनासुद्धा ती अनोळखी वाटत असेल. तीनशे ग्रॅम. सफरचंदाची जोडी. दोनतीन मुठी साखर. सोळा वर्षं जे तिनं हातमोजा घालून, श्वास रोखून, धुळीचा कण पडू न देता तोललं, त्यातलं काहीही एवढं जड नव्हतं. तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर ते एक काम झालं असतं, आणि काम झालं की माणूस मोकळा होतो. तिला नुसती लाज वाटत होती, खाली बसलेल्या गाळासारखी, आणि त्या गाळात सगळ्यात खाली काटा नव्हता, लाल चिठ्ठीसुद्धा नव्हती. तो सुटकेचा निःश्वास होता. काटा चुकला हे लेकीला सांगता येईल. त्यानं जास्त दाखवलं याचा मला आनंद झाला होता, हे कसं सांगायचं?

तिनं सगळं उचललं आणि पेटीत घातलं. शब्दकोश, बाटली, बूट, डबा. पावाचा एक ताजा तुकडा लोणी लावून फडक्यात बांधला. शाळा सुटायला तास होता तरी फाटकाशी जाऊन उभी राहिली.

धाकटा आधी आला, चौकोनी दगड हातात घेऊन. थोरली मागून, उडणारं दप्तर एका हातानं दाबत. पेटीपाशी आली, आत पाहिलं, आणि तिथंच थांबली. बूट दिसले होते. मान खाली गेली, कान लाल झाले. चोरी तिची पकडली गेली होती असं तिला वाटत होतं, आणि हे पाहणं काटेवालीला सगळ्यात असह्य झालं. ती रस्त्यावरच गुडघे टेकून बसली, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"ऐक. तो काटा चुकीचा होता. मी आज तपासला. दहाला एक जास्त दाखवतो. तू तेहतीस नाहीस, तीस आहेस. सगळं मिळून सत्तावन्न होतं. जागा होती. तीन किलो जागा होती."

थोरलीच्या कपाळावर बेरीज चाललेली दिसली. मग ती म्हणाली, "पण तू तर काटे तपासतेस."

"हो."

"मग हा नव्हता तपासला?"

"नाही. लाल चिठ्ठी होती त्याला. मीच काढून खिशात ठेवली."

"का?"

"कंटाळा केला. वाटलं, घरच्यांसाठी काय एवढं."

हे बोलल्यावर तिला वाटलं, झालं, आता पुढचंही सांगावं. पण तेवढ्यात धाकट्याचा चेहरा वाकडा झाला. "म्हणजे मी बावीस नाही? मी वर्गात सांगितलं सगळ्यांना! मी वीसच? मला नाही वीस व्हायचं!" आणि त्यानं दगड खिशात कोंबला, मग दुसऱ्या खिशात कोंबून पाहिला, जणू त्यानं फरक पडणार होता. थोरलीला हसू फुटता फुटता राहिलं. काटेवालीनं ते अर्धवट हसू पाहिलं आणि त्याला धरून लोंबकळावंसं वाटलं तिला.

"बूट घाल बाळा. पाय गार पडलेत. आणि हे खा."

थोरली काठावर बसून बूट घालू लागली. नाड्या बांधता बांधता, वर न पाहता म्हणाली, "पण आई, मी वाढणारच ना. तीनच किलो जागा आहे."

"हो."

"मग?"

"मग..." आईच्या ओठांवर "बघू" आलं होतं. या घरातल्या "बघू"चा अर्थ थोरलीला ठाऊक होता. काटेवालीनं ते गिळलं. "मग तुझी तुला सायकल घेऊ आणि तू माझ्या शेजारून चालव. पण मी थकले म्हणून तुला उतरवणार नाही. त्या शुक्रवारी मी थकले होते. तू जड नव्हतीस. मी थकले होते आणि तुझ्यावर ढकललं. आणि काट्यानं जास्त दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते वाईट होतं."

थोरली नाडीची दुसरी गाठ मारत राहिली. ऐकलं की नाही, कळलं की नाही, कळायचं वय तरी होतं का. गाठ झाल्यावर तिनं पाव घेतला, दोन तुकडे केले, मोठा धाकट्याला दिला. "त्याला नको देऊ, तू खा," असं म्हणायला काटेवालीचं तोंड उघडलं होतं, पण आज तिच्याकडे हुकूम करण्याइतकी पत नव्हती. लहान तुकडा थोरलीनं हातातच धरून ठेवला आणि बाकावर जाऊन बसली.

स्टँडवरून गाडी ढकलली तेव्हा हिसका बसला. मनगटांना, दंडांना, डाव्या गुडघ्याला. सगळं होतं जागच्या जागी. नाही, सगळं नाही. हात सांगत होता, अजून थोडं कमी आहे, आणि हाताला किती ते नेमकं ठाऊक होतं.

सपाट रस्ता संपला आणि चढ सुरू झाला. धाकटा पुढून म्हणाला, "आई, गाणं." तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. "आई, गाणं ना!" तिनं श्वास घेतला, पाय ठेक्यात पडले, "चढ आला गं चढाचा, माझ्या गाडीला दम लागं, एक पीस पुढं बसे..." आणि तिथं ती अडली. दुसरा शब्द शोधायला हवा होता. ज्या तोंडातून सहज आलं होतं त्या तोंडात आता एकही शब्द त्या मापाचा मिळेना. फूल म्हणावं तर खोटं. मोती म्हणावं तर लाच. पॅडलची दोन चक्रं नुसतीच गेली, मग तीन. धाकट्यानं वाट पाहिली आणि सोडून दिली. त्याला रस्त्यात एक लंगडं कबुतर दिसलं होतं.

तिच्या नजरेखाली तोच भांग. पावाचा तुकडा मांडीवर ठेवलेला. दोन्ही हात काठांवर, बोटं बाहेरून वळवलेली, कोपरं ताठ. थोरली अंग उचलून बसली होती, आजही, बाकापासून बोटभर वर. दंड थरथरत होते. काठाला धरून स्वतःला उचललं तर भार काठावर जातो, काठ गाडीचाच, गाडीला त्यानं एका ग्रॅमचाही फरक पडत नाही. हे सोळा वर्षं काटे तपासणाऱ्या बाईला सांगता आलं असतं, सोपं करून, दोन वाक्यांत. तिनं सांगितलं नाही. ती नुसती चालवत राहिली, गुडघा ठणकत होता तरी उतरली नाही, दम लागला तो नाकानं घेतला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

चढाच्या मध्यावर, जिथं ती शुक्रवारी उतरली होती तिथं, थोरलीचा डावा हात काठावरून सुटला. मांडीवरचा पाव त्यानं उचलला आणि तोंडाकडे नेला. कोपर वाकलं, खांदा सैल झाला, आणि ती एका बाजूला कलून बाकावर टेकली. काटा असता तर त्यानं काही वेगळं दाखवलं नसतं. पण काटेवालीच्या पायांत गाडी जड झाली. चांगली जड झाली. ती पॅडलवर उभी राहिली आणि सगळं अंग खाली घातलं.

उजवा हात अजून काठावरच होता.